बसवंत मिस्त्रीनं आधी बोनेट उघडलं

लातूर फाट्यावरच्या कुठल्याही टपरीवर चहा प्यायला बसा आणि बसवंत मिस्त्रीचं नाव काढा. कुणीतरी म्हणतंच, "तोच ना, ज्यानं सख्ख्या भावाला गाडीत जळू दिलं?" माझ्यासमोर असं म्हणणाऱ्या एकाची मी गचांडी धरली होती. आता वय झालं, पण धरली. त्या दिवशी मी तिथं उभा होतो, तो नव्हता. चौथीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही आणि पुढची सगळी जिंदगी स्टेअरिंगमागं गेली, त्यामुळं माझ्या लिहिण्याला कुणाला नावं ठेवायची तर खुशाल ठेवा. मी मेलो की टपरीवरचंच खरं होऊन बसंल, म्हणून लिहितो.

बसवंतची आणि माझी पहिली भेट म्हणजे त्यानं मला ढकलून पाडलं ती. माझ्याकडं तेव्हा पांढरी, डिक्कीवाली गाडी होती. माझ्या हातात येण्याआधीच म्हातारी झालेली. नांदेडहून लातूरला दवाखान्याचे पेशंट न्यायचे, शिकायला निघालेल्या पोरांना गाद्या-ट्रंकांसकट सोडायचं, लगनसराईत नवरा-नवरी बसवायचे, हा धंदा. त्या सकाळी मुदखेडचा एक पेशंट मागच्या सीटवर आडवा, त्याचं डोकं बायकोच्या मांडीवर, आणि फाट्यावर चहाला थांबवलेली गाडी पुन्हा चालू होईना. किल्ली फिरवली की नुसतं 'टक'. पुन्हा फिरवली, पुन्हा 'टक'.

समोरच्या पत्र्याच्या शेडमधून एक आडदांड माणूस आला. कपाळावर विभूतीचे पट्टे, त्यावरूनच कधीतरी ऑइलचा हात फिरवलेला. मी म्हणालो, "बॅटरी गेली. दुसरी असली तर लावून द्या."

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? गाडी मी चालवतो."

"चालवतोस. गाडी चालून राहिली म्हणून चालवतोस. उतर."

मी उतरलो नाही. त्यानं दार उघडून दंडाला धरून मला बाहेर ओढलं आणि ढकललं. मी मडगार्डावर आपटलो, कोपराची सालटं निघाली. मी जॅकचा दांडा उचलला. पेशंटच्या मेहुण्यानं मागून मिठी मारली नसती तर त्या दिवशीच एकाचा निकाल लागला असता. बसवंतनं माझ्याकडं वळूनसुद्धा पाहिलं नाही. पुढचे दिवे लावले, मला म्हणाला, "दांडा टाक. बस. किल्ली फिरव." कामून कोण जाणे, मी बसलो.

"दिवा मंदावला का?"

"न्हाई."

"हॉर्न दाब. बसला का आवाज?"

"न्हाई."

"मग बॅटरी कशी मेली? मेलेलं माणूस डोळे वटारून बघतंय आन् बोंबलतंय होय?"

एवढं बोलून तो हातोडा घेऊन गाडीखाली सरकला. "फिरव!" म्हणाला आणि खालून स्टार्टरवर असा घाव घातला की मागचा पेशंट कण्हायचा थांबला. गाडी चालू झाली. बाहेर येऊन त्यानं सांगितलं की स्टार्टरच्या आतले ब्रश झिजून अडकलेत. हातोड्यानं एकदा उठेल, दोनदा उठेल, लातूरहून परत आल्यावर खोलायला टाक. मी कुणाचं ऐकणारा नव्हतो. महिनाभर दगडानं ठोकत ठोकत चालवली. मग एक दिवस दगडालाही दाद देईना तेव्हा दोरीनं ओढत त्याच्या दारात आणली. तो म्हणाला, "आलास?" बस्स. त्यानंतर माझ्या गाडीला दुसऱ्याचा पाना लागला नाही.

बसवंत मूळचा देगलूरच्या बाजूचा. राग आला की मराठी अपुरी पडायची, मग कानडीत शिरायचा, आणि ज्याला कानडी येत नाही तोही दोन पावलं मागं सरायचा. राग तर त्याला सकाळपासूनच आलेला असायचा. पाना लागला नाही की तो खाली ठेवत नसे, फेकत असे. शेडच्या पत्र्याला आतून खड्डेच खड्डे होते. जुने गिऱ्हाईक गाडी उभी करून सरळ लिंबाच्या झाडाआड जाऊन उभे राहायचे. नवीन कुणी जवळ येऊन बोनेटमध्ये डोकावू लागला की आम्ही झाडाआडून खुणा करायचो. काहींना खुणा कळायच्या, काहींना पाना लागायचा.

गाडीला काय झालंय हे तो मालकाला विचारतच नसे. "मालक म्हंजी पेशंटचा पाव्हणा. लई बोलतो, कामाचं एक बी न्हाई." लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला लावायचा, मूठ कानाला, आणि डोळे मिटून ऐकायचा. त्या वेळी कुणी शिंकलं तरी त्याची खैर नसे. डायनॅमो चार्ज करत नाही म्हणून आलेल्या लोह्याच्या एका गुरुजींनी त्याचं ऐकणं चालू असताना "पट्टा ढिला असेल" एवढंच म्हटलं. पट्टा खरंच ढिला होता. बसवंतनं तो काढला आणि त्याच पट्ट्याचा एक फटका शेडच्या पायरीवर ठेवलेल्या गुरुजींच्या पिशवीवर असा मारला की आतली काकडी फुटून पाणी बाहेर आलं. मग नवा पट्टा घातला, अंगठ्यानं दाबून ताण पाहिला आणि म्हणाला, "गुरुजी, बरुबर बोललात. पण मी ऐकून राहिलो होतो."

लोकांना हसू यायचं त्याचं, पण ते तो दूर असताना. हदगावचा एक कापूसवाला होता. उन्हाळ्यात त्याची गाडी उकळून फाट्यावर येऊन थांबली. बोनेट उघडून तो फडक्यानं रेडिएटरचं झाकण फिरवायला लागला. रस्त्याच्या पलीकडं दुसऱ्या गाडीखाली पडलेल्या बसवंतनं ते पाहिलं आणि ओरडला, "हात काढ!" कापूसवाला फाट्यावरच्या मिस्त्रीचं ऐकणाऱ्यांतला नव्हता. त्यानं आणखी एक पीळ दिला. बसवंत धावत आला आणि त्याच्या कमरेत लाथ घातली. माणूस गिट्टीवर जाऊन पडला, मनगट मोडल्याचा आवाज मी ऐकला. त्याच वेळी झाकण उडालं आणि उकळत्या पाण्याचा खांब उभा राहिला. लिंबाची खालची फांदी तिथल्या तिथं मान टाकून बसली.

ती फांदी कापूसवाल्यानंही पाहिली. तरी तो ठाण्यात गेला. मनगट मोडलं होतं ते काही खोटं नव्हतं. शिपाई बसवंतला घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी परत आला तेव्हा पाय जमिनीवर टेकवता येत नव्हते. तळपाय सुजून पुरणपोळीसारखे फुगलेले. त्याची बायको गंगाबाई, आमची वैनी, हळद-तेल लावत बसली होती आणि तो पेंटच्या डब्यावर बसून काम करत होता. कुणाचं काम? त्या कापूसवाल्याचीच गाडी. ती तिथंच राहिली होती ना.

मी म्हणालो, "मिस्त्री, ह्याची कशाला करता?"

"पाण्याचा पंप गळून राहिलाय. माणसावरचा राग गाडीवर कामून काढू?"

गाडी न्यायला कापूसवाला गळ्यात हात बांधून आला. ड्रायव्हरला स्टेअरिंगवर बसवून गाडी नेली. उपकार मानायला तो काही परत आला नाही, आणि बसवंतला त्याची वाटही नव्हती.

पण ज्या गोष्टीवर तो खरोखर पिसाळायचा ती म्हणजे फ्यूज. जुन्या गाडीत वायरी विटलेल्या असतात, कुठंतरी सालटं निघून बॉडीला टेकतात, की फ्यूज उडतो. मग आपली माणसं काय करतात? सिगारेटच्या पाकिटातली चांदी काढतात, उडालेल्या फ्यूजला गुंडाळतात आणि पुढं निघतात. दिवे लागतात, हॉर्न वाजतो, माणूस खूश. अशी चांदी बसवंतला सापडली की तो ती पक्कडीनं उपटायचा आणि गाडीवाल्याच्या तोंडापुढं धरायचा. "चाव." एका ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरला त्यानं जबडा धरून ती खरंच चावायला लावली. "फ्यूज उडाला म्हंजी त्यानं त्याचं काम केलं. त्याला गप करू नगस. कुणी उडवला त्याला हुडीक!" मग दुपारभर वायर हातानं चाचपत तो सालटं गेलेली जागा शोधायचा, चिकटपट्टी गुंडाळायचा, आणि बरोबर मापाचा फ्यूज बसवल्याशिवाय गाडी सोडायचा नाही.

आणि रस्त्याच्या पलीकडं, त्याच्या नाकासमोर, त्याचा सख्खा भाऊ दिवसभर विनाफ्यूजच्या वायरी टाकत बसलेला असायचा.

शिवराज बसवंतहून बराच धाकटा. आई-बाप लवकर गेले, बसवंतनंच त्याला वाढवलं. वाढवलं म्हणजे खाऊ घातलं, काम शिकवलं आणि मारलं. शिवराजच्या पाठीवर पट्ट्याचे वळ कायमचे होते. चुकीचा नट फिरवला की मार, बरोबर फिरवला तर पुढचा नट. एक दिवस शिवराजनं हातातला पाना खाली ठेवला, रस्ता ओलांडला आणि समोर दुकान टाकलं. जादा दिवे, रंगीत बल्ब, तीन आवाजांचे हॉर्न, गाणी. गिऱ्हाईकाला घाई असायची आणि शिवराजचा हात चपळ. बॅटरीवरून सरळ वायर ओढायचा, मध्ये काही नाही. त्याला तो 'डायरेक्ट' म्हणायचा. दुकानाच्या पाटीवरसुद्धा तसंच रंगवलं होतं.

पहिल्यांदा बसवंत समजवायला गेला. म्हणजे काउंटरची काच फोडून आला. शिवराजनं त्याची भुवई फुटेपर्यंत गाडीच्या पाट्यातली लोखंडी पट्टी हाणली. त्यानंतर ते वारंवार झालं. बसवंत पलीकडं जाऊन शिवराजनं लावलेले दिवे हातोड्यानं फोडायचा, शिवराज इकडं येऊन बसवंतच्या बॅटऱ्या रस्त्यावर उलट्या करायचा, ॲसिड डांबरावर फसफसत राहायचं. दोन्ही भावांच्या कपड्यांना ॲसिडची भोकं होती. आम्ही सोडवायला जायचो आणि दोघांचा मार खायचो. जेवायच्या वेळी मात्र गंगावैनी एकच भाकरीची दुरडी आणायची. आधी शेडमध्ये निम्मं वाढायची, मग पदर सावरत रस्ता ओलांडून दिराला. बसवंत बघून न बघितल्यासारखं करायचा. एकदा भाजी कमी झाली म्हणून ओरडला, "त्याला जादा वाढलंस!" म्हणजे बघतच होता.

वैनी मला म्हणायची, "भावजी, ह्यांच्यातला एक दुसऱ्याला जिवं मारल. मला एवढंच सांगा, मी कुणाच्या मातीला जाऊ आन् कुणाला जेलात डबा देऊ?"

फाट्यावर सगळ्यांनाच तेच वाटायचं.

पुढं शिवराजनं लग्नात भाड्यानं द्यायला एक काळी, लांब डिक्कीवाली गाडी घेतली. माझ्या पांढरीच्याच वयाची, पण त्यानं तिला नटवली होती. छताला निळे दिवे, मागं स्पीकरचे मोठे डबे कोंबलेले, सगळं डायरेक्ट. त्या गाडीच्या दारांची आतली हँडलं कधीचीच तुटलेली होती. जुन्या गाडीत यात काही नवल नाही. आमच्याकडं निम्मे ड्रायव्हर काच खाली करतात, हात बाहेर काढतात आणि बाहेरच्या हँडलनं दार उघडून उतरतात. माझंही एक दार तसंच होतं. पण शिवराजनं त्याच दारांना बटणावर वर-खाली होणाऱ्या काचा बसवल्या. काच खाली केल्याशिवाय दार उघडत नाही, आणि करंट असल्याशिवाय काच खाली होत नाही. हे बसवंतनं एकदा रस्त्यावरून ओरडून सांगितलं होतं. शिवराजनं उत्तरादाखल तिन्ही हॉर्न एकदम वाजवले.

भर दुपार होती. लोह्याकडं दुसऱ्या दिवशी लग्न होतं. शिवराज काळीत बसून, काचा वर करून, गाण्याचा आवाज कमी-जास्त करून बघत होता. मी शेडसमोर पांढरीच्या चाकाला हवा भरत होतो. गाणं मध्येच थांबलं. मी वर पाहिलं तर काळीच्या आत पांढरा धूर, आणि धुरात शिवराजचा हात बटण दाबून राहिलेला. काच हलेना. दुसऱ्या बाजूला सरकला, तीही हलेना. मागं स्पीकरचे डबे. मग डॅशबोर्डाखालून जाळ निघाला आणि त्यानं काचेवर थापा मारायला सुरुवात केली. "अण्णा! अण्णा!" काच बंद असूनही आम्हाला ऐकू आलं.

बसवंत टामीची लोखंडी पहार घेऊन रस्ता ओलांडताना मी पाहिला. एक टँकर करकचून थांबला, तिकडं त्याचं लक्ष नव्हतं. तो शिवराजच्या दारापाशी पोचला, आणि शपथेवर सांगतो, त्या काचेकडं न बघता तसाच पुढं गेला. बोनेटशी. बोनेट उघडायची कळ गाडीच्या आत असते, म्हणून त्यानं टामी फटीत घातली आणि सगळं अंग टाकून बोनेट उचकटलं. लोक ओरडायला लागले. "अरे काच फोड! भाऊ आत हाय!" कुणी पाण्याची बादली घेऊन आला तर बसवंतनं कोपरानं ती उडवली, बादलीवाल्याचं नाक फुटलं. मग त्यानं बॅटरीच्या टर्मिनलला नुसत्या हातानं मिठी मारली. बोटात चांदीची अंगठी होती. ती एकीकडं टर्मिनलला आणि दुसरीकडं पत्र्याला टेकली. ठिणग्या उडाल्या, अंगठी लाल झाली, मांस जळल्याचा वास आला. त्यानं हात काढला नाही. वायर उपटूनच काढला.

करंट तुटला तसा डॅशबोर्डाखालचा फुत्कार बंद झाला. जाळ होता, सीट पेटलं होतं, पण वायरीवायरीतून जो जाळ धावत होता तो तिथंच थांबला. ही गोष्ट जुन्या गाडीची वायरिंग ज्यानं जळताना पाहिलीय त्यालाच कळेल. काच आधी फोडली असती तर हवा लागून आतलं सगळं एका दमात पेटलं असतं, आणि वायर मात्र जळतच राहिली असती. हे ओरडणाऱ्यांना कुठं ठाऊक?

मग तो दाराकडं आला. टामीच्या एका घावात काच फोडली, शिवराजच्या केसांना आणि गळपट्टीला धरून त्या भोकातून ओढून काढला. काचांनी दोघंही चिरले. शिवराजची डावी बाजू भाजली होती, कान वितळल्यासारखा झाला होता. बसवंतनं त्याला डांबरावर आडवा केला, त्याच्या छातीवर बसला आणि मारायला लागला. भाजलेल्या हातानं. "मेला न्हाईस! मेला न्हाईस न्हवं!" थोबाडीत, पुन्हा थोबाडीत. आणि मारताना त्याचं तोंड दुसरीकडं, टँकरच्या चाकाकडं वळलेलं. आम्ही चौघांनी मिळून त्याला उचलला.

सरकारी दवाखान्यात बसवंतचं बोट कापलं. शिवराज शुद्धीवर आला तेव्हा वैनीला पहिलं वाक्य बोलला ते, "त्यानं आधी बोनेट उघडलं." ते शेजारच्या खाटेनं ऐकलं, तिथून फाट्यावर आलं, आणि फाट्यावरून सगळ्या नांदेडात गेलं. बसवंत वार्डाच्या दारापर्यंत रोज जायचा. आत कधी गेला नाही. वार्डाच्या बाहेर भिंतीला टेकून उभा राहायचा आणि भेटायची वेळ संपली की परत. मी म्हणालो, "सांगा की त्याला. करंट तोडला म्हणून सांगा." तो म्हणाला, "त्याला ठाऊक हाय." एवढंच.

शिवराज बरा होऊन बाहेर पडला आणि नांदेडात थांबलाच नाही. लातूरला जाऊन त्यानं दुसरं दुकान टाकलं. समोरचं दुकान बंद झालं आणि बसवंत मेल्यासारखा झाला. पाने फेकायचं बंद झालं. गिऱ्हाईक बोनेटमध्ये डोकं घालून वाटेल ते बडबडायचे, तो ऐकून घ्यायचा. एकानं चांदी गुंडाळलेला फ्यूज आणला. आम्ही झाडाआड पळालो. बसवंतनं चांदी काढून निमूट खिशात घातली आणि नवा फ्यूज बसवला. त्याचा मार खाल्लेली ती फाट्यावरची माणसं, पण त्या दिवशी कुणाला चहा गोड लागला नाही.

वैनी माझ्या दारात आली. "भावजी, ह्यांना लातूरला घेऊन चला. एकाची माती होईल म्हणून जन्मभर भ्याले. ही असली बिनमातीची मौत म्या कुठं बगितली न्हाई."

बसवंत यायला तयार नव्हता. मी त्याच्या दंडाला धरलं आणि गाडीत ढकललं. तो पडला माझ्या सीटवर आणि तसाच बसून राहिला. अहमदपूरच्या पुढं माझ्या पुढच्या चाकातून घूं घूं आवाज यायला लागला. बेअरिंग. दुसरा कुणी असता तर त्याला कळलं नसतं, पण बसवंतनं पूर्वी असला आवाज रस्त्यावरून जाणाऱ्या परक्या गाडीत ऐकून तिला दगड मारून थांबवलेलं मी पाहिलंय. मी म्हणालो, "मिस्त्री, बेअरिंग वाजून राहिलं." तो खिडकीबाहेर सोयाबीन बघत बसला. मी मुद्दाम म्हणालो, "का डायनॅमो असंल?" तरीही नाही. चाकूर येईपर्यंत मी त्याला चिडवत राहिलो. आळशी म्हणालो, भित्रा म्हणालो.

शिवराजचं दुकान लातुरात वळणरस्त्याला होतं. तो एका गाडीला दिवा बसवत होता. आम्हाला पाहून सरळ झाला. डाव्या गालाची कातडी गुलाबी, चकचकीत आणि ओढलेली, कान कोयरीच्या सुकलेल्या फोडीएवढा. बसवंत उतरला आणि त्याच्यासमोर जाऊन जमिनीकडं बघत उभा राहिला.

"कामून आलास?" शिवराज म्हणाला.

बसवंतनं पायानं एक तुटकी वायर बाजूला सारली.

"बोनेटचं सांगायला आला असशील. मला कळत न्हाई होय? तूच शिकवलंस. पट्ट्यानं शिकवलंस. करंट तोडल्याबिगर ती आग थांबत न्हाई. मी असतो तर मी बी तेच केलं असतं. वैनीपाशी बोललो ते भाजल्याच्या आगीत बोललो. अण्णा, माझं भांडण बोनेटचं न्हाई. तू माझ्या काचेवरून गेलास. मी आतून थापा मारून राहिलो, तुझं नाव घेऊन राहिलो, आन् तू एक नजर टाकली न्हाईस. भाईर काढल्यावर बी न्हाई. दवाखान्यात बी न्हाई. आता बी न्हाई!"

किती महिन्यांनी बसवंतच्या तोंडून पुरतं वाक्य निघालं. "बगितलं असतं तर... तर काचच फोडीत बसलो असतो. करंट तसाच राहिला असता. तू बी गेला असतास."

"मग आता कुठं आग लागलीय?" शिवराज ओरडला. "आता बग की!"

आणि त्यानं सगळ्या ताकदीनं थोरल्या भावाच्या कानाखाली ठेवून दिली. बसवंत गाडीच्या दारावर आपटला. ओठ फुटला, विभूतीवर रक्त उडालं. मग त्याची मान खाली गेली, खांदे वर आले, आणि एखादा बैल अंगावर यावा तसा तो शिवराजवर आला. दोघं काउंटरवर गेले, काउंटर काचेसकट कोसळला, हॉर्नचे खोके रस्त्यावर घरंगळले. बसवंत चार बोटांच्या हातानं गुद्दे घालत होता आणि शिवराज त्याला गुडघ्यानं हाणत होता. आजूबाजूचे दुकानदार धावले. मी जॅकचा दांडा घेऊन मध्ये आडवा उभा राहिलो.

"सोडवा की हो, म्हाताऱ्या! मरल एखादा!"

"मरत न्हाईत," मी म्हणालो. "जो सोडवायला येईल त्याचं टाळकं फोडतो."

कुणी आलं नाही. मी पाठीमागं नजर ठेवून गाडीत बसलो. बसवंत माझ्याबरोबर परत येणार नाही हे मला कळलं होतं. नाहीच आला. पुढं वैनी सामान घेऊन लातूरला गेली आणि फाट्यावरच्या शेडला कुलूप लागलं. मी पांढरी वळवली. आरशात गर्दी दिसत होती. गर्दीच्या मध्ये धुळीत शिवराज भावाच्या छातीवर बसला होता, दोन्ही हातांनी त्याचा जबडा आवळून त्यानं त्याचं तोंड आपल्या भाजलेल्या गालासमोर आणलं होतं. बसवंतनं डोळे गच्च मिटले होते. शिवराजनं त्याचं डोकं दोनदा जमिनीवर आपटलं. तेव्हा बसवंतनं डोळे उघडले, आणि बघत राहिला.